अठ्ठेचाळीस तासांत हरकत न आल्यास

सोमवार, ३ मार्च

चिमणे,

वर "प्रिय" लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही.

आणि हे हाताने लिहिते आहे, कारण कागदाला सीसी नसतं. मेल केला असता तर उत्तर देण्याआधी तू वरच्या रकान्यात आणखी चार नावं घातली असतीस. तुझी ती खोड मला पाठ आहे. हे तू वाच, तुझ्या वहिनीचं आहे म्हणून वाच, आणि फाईलला लावू नकोस.

गेल्या बुधवारी सकाळी पावणेदहाला आमच्या खालच्या विभागात तीन नंबरच्या ऑटोक्लेव्हचं दार आत वाफ भरलेली असताना उघडलं आणि मावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तुझ्या अहवालात मी वाचलं, "किरकोळ अपघात." किरकोळ! स्वतःच्या बोटावर चहा सांडला तर अर्धा तास फुंकर घालत बसणारी बाई तू. एकोणीस वर्षं या रुग्णालयाची हत्यारं उकळून देणाऱ्या बाईला आज वेणी घालता येत नाही, घास तोंडात घालायला सून लागते, आणि तू वर बसून "किरकोळ" टाइप करतेस. लाज कशी वाटली नाही ग?

तू खाली कधी उतरत नाहीस म्हणून आठवण करून देते. कपाटाएवढी तीन मशीनं आहेत. शस्त्रक्रियेची हत्यारं आत घालायची, दार लावायचं, वाफ सोडायची. वाफ पूर्ण बाहेर पडेपर्यंत दार उघडू नये म्हणून आत एक खटका असतो. तीन नंबरचा खटका जानेवारीत गेला. मी तुम्हाला मेल केले. नऊ जानेवारी, सत्तावीस जानेवारी, बारा फेब्रुवारी. खटक्याचा फोटो जोडला. पहिल्याला उत्तर आलं "नोंद घेतली." दुसऱ्याला आलं "योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले." तिसऱ्याला काहीच नाही. शेवटी मी पुठ्ठ्यावर "बंद" असं लिहून दाराच्या मुठीला अडकवलं आणि म्हटलं आता बघू.

मग तो मेल. शुक्रवार, एकवीस फेब्रुवारी, संध्याकाळी पाच बावन्न. "आपल्याशी झालेल्या चर्चेत ठरल्याप्रमाणे मशीन क्रमांक तीन पुढील दोन आठवडे मर्यादित स्वरूपात चालू ठेवण्यास आपली संमती आहे. अठ्ठेचाळीस तासांत हरकत न आल्यास हेच अंतिम समजण्यात येईल." सीसीमध्ये अकरा जण. खाली तुझं नाव, तुझा हुद्दा, तुझा एक्स्टेन्शन नंबर.

कुठली चर्चा? लिफ्टपाशी मोठे डॉक्टर भेटले, म्हणाले, "सिस्टर, तीन नंबरचं काय करायचं, बघू." मी म्हटलं, "बघा." लिफ्ट आली, ते वर गेले. याला चर्चा म्हणतात? यात काय ठरलं? आणि अठ्ठेचाळीस तास म्हणजे शनिवार आणि रविवार! हा गप्प राहिलं तर होकार धरायचा नियम वर्षभरापूर्वी तुझ्याच परिपत्रकाने आला. कामं अडू नयेत म्हणून. कोणाचीच अडली नाहीत, खरंय. दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात संमती पडत गेली.

मी तो मेल पाहिलाच नव्हता. त्या वेळी मी बसमध्ये होते आणि फोन पर्समध्ये होता. हे मी चौकशी समितीला सांगणार आहे. सतराला सुनावणी आहे. त्याआधी तू एक ओळ लिहून दे की सिस्टरने संमती दिलेली नव्हती. एक ओळ. तुझ्यासाठी मी काय केलं ते काढत बसत नाही.

काढतेच. चौदा वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन सासरहून परत आलीस, तेव्हा मधली खोली तुला दिली आणि माझी पोरं बैठकीत झोपली. हेडक्लार्कच्या पुढे हात जोडून तुला टायपिस्टच्या जागेवर चिकटवलं ते मी. पहिल्या दिवशी मेलला फाईल जोडायची विसरलीस म्हणून रडत माझ्याकडे खाली आलीस, आणि मावशींनीच तुला पाणी दिलं होतं.

तुझी वहिनी


गुरुवार, ६ मार्च

चिमणे,

तुझं उत्तर मिळालं. मेलवर!

"आपले दिनांक ३ मार्चचे पत्र प्राप्त झाले. नोंद घेतली आहे. यापुढील पत्रव्यवहार अधिकृत ईमेलवरच करावा." आणि सीसीत कोण? माझा नवरा. तुझा सख्खा दादा! तो बिचारा निवृत्त होऊन वर्ष झालं, सकाळी मोबाईल उघडून मला विचारतो, "अगं, हे मला कशासाठी आलंय? मी काय करायचं यात?" मी म्हटलं, "हरकत घ्या, नाहीतर अठ्ठेचाळीस तासांत तुमचीही संमती होईल." हसलासुद्धा नाही. पेपरची घडी करून तुझ्या खोलीत जाऊन बसला. अजून ती तुझीच खोली म्हणतो तो.

माझी चूक एवढीच की मागचं पत्र तुझ्या ऑफिसात पाठवलं. आवकच्या कारकुनाने लिफाफ्यावर शिक्का मारला, नंबर घातला आणि ते कागदपत्र झालं. हे पत्र तुझा दादा तुझ्या घरी आणून देईल. त्याला दारातून परत पाठवू नकोस, त्याने काही केलेलं नाही.

काल वॉर्डात जाऊन आले. मावशींचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले. मला बघून आधी म्हणतात, "सिस्टर, दोन नंबरचं पाणी बदललं का कोणी?" मी म्हटलं, आग लागो त्या दोन नंबरला. तर हसल्या. तीन नंबरला त्या "माझी सवत" म्हणायच्या, तुला ठाऊक नसेल. जास्त लक्ष द्यावं लागतं आणि सतत फुसफुसते म्हणून. "शेवटी सवतीने दाखवलाच हिसका," म्हणाल्या.

मग हळूच विचारलं, "माझ्यावर घालणार आहेत का?"

कोणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. समितीपुढे जो मसुदा आहे, तुझ्याच ऑफिसात टाइप झालेला, त्यात लिहिलंय, "परिचर महिलेने निर्धारित वेळेआधी दार उघडल्याचे दिसते." म्हणजे कंत्राट रद्द. म्हणजे एकोणीस वर्षं गेली खड्ड्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी! निर्धारित वेळ कळायची कशी, दार अडवणारा खटकाच मोडलेला असताना? वाफेचा दाब दाखवणारा काटा शून्यावर दिसला, त्यांनी मूठ फिरवली. एकोणीस वर्षं दार उघडलं नाही तर वाफ आहे आणि उघडलं तर नाही, असंच काम केलं त्यांनी. सगळ्या तसंच करतात. खटक्यावर भरवसा ठेवूनच ते काम होतं.

मला म्हणाल्या, "तो मेल का काय म्हणतात, त्यात माझं नाव होतं का?"

मी काय सांगू? नव्हतं. भांडारपालाचं होतं, वाहन विभागाचं होतं, माळीकाम बघणाऱ्याचंसुद्धा होतं, कारण तुझी ती अकरा जणांची यादी ठरलेली आहे आणि तू ती जशीच्या तशी चिकटवतेस. ज्या बाईचे हात त्या दारावर पडणार होते तिला मेलचा पत्ताच नाही. अकरा जणांना कळवलंस, आणि बारावीला कोणी सांगितलं नाही.

ती ओळ लिहून दे. सतरा तारखेला फार दिवस नाहीत.

वहिनी


सोमवार, १० मार्च

चिमणे,

तर तू बोललीस. माझ्याशी नाही, दादाशी, तेही फोनवर. तो स्वयंपाकघरात उभा राहून नुसता "हं, हं" करत होता आणि मी कणीक मळता मळता कान टवकारून ऐकत होते. शेवटी फोन ठेवून म्हणाला, "ती म्हणते, वहिनीने मला भर सभेत चिमणे म्हटलं होतं."

अगं बाई! म्हणजे ते मनात धरून बसलीस होय?

म्हटलं होतं. नाकारत नाही. दीड वर्षापूर्वी, खरेदीच्या सभेत, वीस माणसांसमोर. तू नुकतीच प्रशासन अधिकारी झाली होतीस, नवीन चष्मा, नवीन खुर्ची, आणि मला सांगत होतीस की माझ्या मागणीपत्राचा नमुना चुकला आहे. मी म्हटलं, "चिमणे, गप्प बस, तुला हत्यारं ओळखता तरी येतात का?" सगळे हसले. मोठे डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले. तू चष्मा काढून पुसलास. त्या दिवसापासून घरी आली नाहीस आणि आम्हाला कामाचं निमित्त सांगत राहिलीस.

चुकलं माझं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मला वाटत होतं, म्हणून बोलले. तुझ्या पगारपत्रकावर माझ्या वरचा हुद्दा दिसला तेव्हा मला बोचलं, हेही लिहून टाकते. पण माझ्या तोंडाचा राग माझ्यावर काढायचा, मावशींच्या हातांवर नाही.

आणि एक विचारते. त्या सभेत सगळ्यांत मोठ्याने हसलेल्या माणसासाठी तू हे सगळं करते आहेस, हे तुझ्या डोक्यात येतं का? चौदा वर्षांत मोठ्या डॉक्टरांच्या सहीचा एक मेल दाखव मला. एक! ते लिहीतच नाहीत. ते टेबलाशी येतात, कोटाच्या खिशात हात घालून उभे राहतात आणि म्हणतात, "जरा सर्वांना कळवून टाका." कळवतेस तू. नाव तुझं. त्या अकरा जणांत त्यांचं नाव नव्हतं, हे तुझ्या लक्षात आलंय की नाही? मी परत परत पाहिलं. नाहीच. करून सवरून नामानिराळा माणूस. तीन नंबर बंद राहिलं असतं तर शस्त्रक्रियांचे आकडे पडले असते आणि पुढच्या महिन्यात पाहणी आहे, त्यांच्या बढतीची. आकडे त्यांचे, मेल तुझा, हात मावशींचे.

उद्या समितीने विचारलं की हा मेल कोणी लिहायला सांगितला, तर ते तुझ्याकडे बोट दाखवतील. लिहून ठेव. म्हणजे लिहून ठेवच, तारीख वेळेसकट. तुला ते छान जमतं.

ओळीचं काय झालं?

वहिनी


गुरुवार, १३ मार्च

चिमणे,

दादाच्या हाती तू बंद लिफाफा दिलास. मला वाटलं, आली एकदाची ओळ. घाईत टोकाकडून फाडला. आत छापलेला एक कागद. "आपला संदेश शुक्रवार, २१ फेब्रुवारी रोजी ६ वाजून ४ मिनिटांनी वाचला गेला." वर माझा पत्ता. आणि खाली तुझ्या बारीक अक्षरात, "वहिनी, ही समितीला दिलेली नाही. तुम्हीही आता काही मागू नका."

वा! वा ग वा!

म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं. तू मेलवर वाचल्याची पावती लावून ठेवतेस हे मला ठाऊक नव्हतं. मी तुला "पाहिलाच नाही" लिहून पाठवलं, आणि तू तो कागद पुढ्यात ठेवून माझं पत्र वाचलंस. हसली असशील. मला इतका राग आला की चहाचा कप आदळला आणि कान तुटला त्याचा.

हो, वाचला. बसमध्ये, उभ्याने, एका हाताने दांडी धरून. वाचला. मग?

आणि आता तुझा हा सौदा. तू पावती दडपायची, मी संमतीचं बोलायचं नाही. तुझी खुर्ची शाबूत, माझा विभाग शाबूत, मोठे डॉक्टर तर शाबूतच असतात. अळीमिळी गुपचिळी. उरलं कोण? जिला मेलचा पत्ता नाही ती. निर्धारित वेळेआधी दार उघडणारी. सरळ आहे, नाही का? दोघींनी फक्त गप्प बसायचं, आणि आपल्याकडे तर गप्प बसणं म्हणजे होकार.

तू माझ्याच हाताखाली शिकलीस असं लोक म्हणतात. देव करो आणि तसं नसो.

दादाला हा कागद दाखवलेला नाही. त्याने विचारलं, काय लिहिलंय तिने? मी म्हटलं, तब्येतीचं.

वहिनी


शनिवार, १५ मार्च

चिमणे,

दोन दिवस ती पावती मी उशीखाली ठेवली होती. आज तुला सगळं लिहिते, कारण हे कोणाला तरी आधी सांगितल्याशिवाय मला समितीपुढे बोलता यायचं नाही, आणि मला दुसरं कोणी नाही. तुझ्या दादाला सांगितलं तर तो मला समजून घेईल. ते मला नकोय.

बसमध्ये मेल वाचला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आपली संमती आहे." माझ्या तोंडात तुझे शब्द! तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं. "संमती नाही." दोन शब्द. बोटंसुद्धा लावली होती मी. मग वाटलं, नाही देत. माझे तीन मेल तुम्ही खाल्लेत, आता चौथा कशाला? तुमच्या नियमाने तुम्हीच मरा. चालवा मशीन. दोन दिवसांत वाफ गळेल, हत्यारं कच्ची निघतील, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतील, मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर तोंडघशी पडतील आणि तू पण. मग तुम्ही खाली माझ्याकडे याल. मी ते चित्र रंगवत रंगवत घरी आले, आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली.

सोमवारी सकाळी बघते तर मुठीवरचा "बंद"चा पुठ्ठा काढलेला. कोणी काढला माहीत नाही, तुझ्या मेलच्या अकरांपैकीच कोणीतरी. खरंतर माझ्याकडे उपाय होता. एरवी एखादं मशीन बिघडलं आणि वरून दबाव आला की मी वाफेच्या नळाची चकती काढून पर्समध्ये टाकून घरी घेऊन जायची. चकती नाही तर वाफ नाही, काय बिशाद कोणाची! तू पण एकदा हसली होतीस, पर्समधून ती बाहेर पडली तेव्हा. त्या सोमवारी मी नळासमोर उभी राहिले आणि चकतीला हात लावला नाही.

मावशी आल्या. पदर खोचला, मशीनकडे पाहिलं, पुठ्ठा नाही हे पाहिलं. मला विचारलं, "सिस्टर, झाली का दुरुस्त?"

आणि मी, तेवीस वर्षं नोकरी केलेली, सगळ्यांना नियम शिकवणारी मी, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "मला काय विचारता मावशी? ऑफिसला विचारा."

तुझ्यावरचा राग होता तो. तुला टोमणा मारला होता मी, तू तिथे नसताना. मावशींनी कशाला ऑफिसला विचारावं? त्यांना वाटलं, ऑफिसने दुरुस्त करून घेतली असणार. एवढ्या विश्वासाने त्यांनी दार उघडलं. सोमवार निभावला, मंगळवार निभावला. दोन दिवस मी त्यांच्या शेजारी उभी होते, हत्यारं मोजत. बुधवारी काटा शून्यावर अडकला.

तू शुक्रवारी पाच बावन्नला जे केलंस ते घाण होतं. त्याबद्दल तुला सोडणार नाही. पण मला थांबवता आलं असतं ते मी सोमवारी साडेआठला थांबवलं नाही. मेलवर गप्प बसले हे एक झालं. तोंडाने विचारलं तेव्हा गप्प बसले, बसले कसली, तोंड वर करून बोलले.

आज दुपारी वॉर्डात जाऊन मावशींना सांगितलं. सगळं. त्यांची सून होती, तिला बाहेर पाठवलं. मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला सोमवारीच माहीत होतं?"

मी म्हटलं, "शुक्रवारपासून."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांच्या कपाळावर केस आले होते, ते बाजूला करायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू द्या. सून करेल."

सोमवारी अकराला सुनावणी. मी हे सगळं बोलणार आहे. तुला सौदा करायचा असेल तर दुसरं गिऱ्हाईक बघ.

वहिनी


मंगळवार, १८ मार्च

चिमणे,

काल तू समोरच होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायला नको. पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

मी बोलले. सगळं बोलले. मेल वाचला, हरकत घेतली नाही, मावशींनी विचारलं तेव्हा फटकारलं, दार उघडण्यात त्यांची काही चूक नाही. मोठे डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग त्या गोड आवाजात म्हणाले, "सिस्टरचं मन मोठं आहे. परिचर बाईंना वाचवण्यासाठी त्या स्वतःवर ओढवून घेत आहेत. मेल वाचल्याचा काही पुरावा आहे का?" म्हणजे बघ! मी कबूल करते आहे आणि हा माणूस माझा कबुलीजबाब खोटा ठरवतोय, कारण मी खरी ठरले तर तीन मेल आणि खटक्याचा फोटोही खरा ठरतो. मावशीच त्यांना सोयीच्या.

तेवढ्यात तू फाईल उघडलीस आणि पावती टेबलावर ठेवलीस. सहा वाजून चार मिनिटं.

माझ्यावर सूड म्हणून ठेवलीस की मावशींसाठी, मला अजून कळलेलं नाही. विचारणारही नाही. अध्यक्षांनी ती वाचली, मसुद्यातली ती ओळ तिथेच खोडली. मावशींवर ठपका नाही. माझ्याकडून विभागाचा कार्यभार काढून घेतला, चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसायचं आहे. बसेन.

पण त्यानंतर अध्यक्षांनी तुला विचारलं, "हा मेल कोणाच्या सांगण्यावरून पाठवला?" आणि मोठे डॉक्टर तुझ्या आधीच म्हणाले, "मला तर या मेलची कल्पनाच नव्हती. प्रशासनाने परस्पर पाठवलेला दिसतो." मी तुला लिहिलं होतं ना? अक्षरशः तेच. सगळे तुझ्याकडे बघत होते. तू टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलीस. मी मनात म्हणत होते, बोल ग, बोल, आत्ता बोल! तू नाही बोललीस. अध्यक्षांनी थोडं थांबून लिहिलं, "प्रतिसाद नाही," आणि पान उलटलं. तुझ्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

मला तुझी कीव आली आणि परत राग आला. एवढं शिकवून तुला माझ्यासारखंच गप्प बसता आलं.

नंतर मी वॉर्डात गेले. म्हटलं, निदान चांगली बातमी तरी आपण द्यावी. मावशी म्हणाल्या, कळलंय. मग म्हणाल्या, "सिस्टर, हात बरे झाले की मी कामावर येईन, पण खालच्या विभागात नाही. मला धुलाईत द्या. अर्ज लिहायचा आहे, आणि मला पेन धरता येत नाही. सुनेला लिहिता येत नाही. तुम्हीच लिहा."

मी पेन काढलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बदलीचं कारण काय लिहू, असं विचारलं तर त्या जराही थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहा, मशीन मोडकी आहे हे सिस्टरना माहीत होतं. ऑफिसातल्या बाईंना माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांना माहीत होतं. मला कोणी सांगितलं नाही."

मी लिहिलं. एक शब्द बदलला नाही. माझ्याविरुद्धचं वाक्य मी माझ्या अक्षरात लिहिलं आणि त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

सही त्यांना करता येत नाही आणि अंगठ्याला पट्टी आहे. अशा वेळी दोन साक्षीदार लागतात. पहिली सही मी केली आहे. अर्ज सोबत ठेवला आहे, मूळ प्रत, एकच आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी आहे. वॉर्डातल्या कोणाचीही सही चालली असती, मी तिथल्या ड्यूटीवरच्या सिस्टरला बोलवायला निघालेच होते. मावशी म्हणाल्या, "ती नको. तिथे तुमच्या नणंदेचीच सही पाहिजे."

वहिनी